इन्शुरन्स बदलल्यावर मुलासाठी स्पेशालिस्ट कसा शोधायचा: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, गवारीची भाजी. दाण्याचं कूट न घालता मराठी स्वयंपाक कसा करायचा, याचे प्रयोग आमच्याकडे गेली चार वर्षं चालू आहेत. मुलगा दोन वर्षांचा असताना चिक्कीचा एवढासा तुकडा त्याच्या तोंडात गेला, आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. त्या दिवसापासून घरातून कुटाचा डबा गेला आणि माझ्या पर्समध्ये एपिनेफ्रिनचं इंजेक्शन आलं.

न्यू जर्सीत आल्यावर बऱ्याच खटपटीने एक चांगल्या ॲलर्जिस्ट मिळाल्या. मुलगा त्यांच्याकडे रडत नसे, ही केवढी मोठी गोष्ट. मग नवऱ्याने नोकरी बदलली. पगार वाढला, ऑफिस जवळ आलं आणि टपालाने नवं इन्शुरन्स कार्ड आलं. कंपनीचं नाव तेच, लोगो तोच, त्यामुळे मी निर्धास्त. ठरलेल्या तारखेला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, "या प्लॅनला आम्ही नाही. आज दाखवायचं असेल तर पूर्ण बिल तुमच्यावर." मी म्हटलं, "अहो, कंपनी तर तीच आहे." त्या म्हणाल्या, "कंपनी तीच, नेटवर्क वेगळं." नेटवर्क म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टरांचा गट, हे मला तेव्हा कळलं.

पुढचे अडीच महिने मी फोनवर काढले. त्यातून जे कळलं ते भारतातून नुकत्याच आलेल्या आईबापांसाठी लिहिते आहे. आमचं दुखणं ॲलर्जीचं. तुमच्या मुलाला फिट्स येत असतील, किडनीचा त्रास असेल, मधुमेह असेल, तरी वाट साधारण हीच आहे.

आधी एक दिलासा आणि एक इशारा

आपल्याकडे स्वतः घेतलेल्या मेडिक्लेममध्ये आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून फॉर्म भरताना माणूस दहादा विचार करतो. इथल्या नोकरीच्या प्लॅनमध्ये तो प्रकार नाही. 2014 पासून कायद्याने आधीच्या आजारावरून विमा नाकारता येत नाही आणि प्रतीक्षाकाळही लावता येत नाही. तेव्हा मुलाचा आजार झाकू नका, मोकळेपणाने सांगा. हा कायदा प्रवासासाठी किंवा पाहुण्यांसाठी घेतलेल्या पॉलिसीला लागू नाही. 'तोवर चालवून घेऊ' म्हणून कोणी त्यावर मुलाला ठेवत असेल तर जुन्या दुखण्याचा खर्च सहसा खिशातूनच जातो.

इशारा असा की आपल्याकडची सवय इथे उपयोगाची नाही. पुण्यात ओपीडीला इन्शुरन्स विचारतो कोण? ज्या डॉक्टरचं नाव ऐकलं त्याच्याकडे जायचं, फी द्यायची, बाहेर पडायचं. कॅशलेसचा विचार ॲडमिट व्हायची वेळ आली तर. इथे साध्या पंधरा मिनिटांच्या तपासणीपासून सगळं नेटवर्कवर ठरतं, आणि नेटवर्कबाहेरच्या स्पेशालिस्टची एक भेट महिन्याच्या किराण्याएवढं बिल आणू शकते.

पहिलं काम: तारखा लिहून काढा

नोकरी सोडायचं ठरलं की एचआरला विचारा: जुना इन्शुरन्स नेमका कोणत्या तारखेला संपतो? काही ठिकाणी तो शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, काही ठिकाणी त्या महिन्याच्या अखेरीस. 3 तारखेला नोकरी सोडणाऱ्याला यातून चार आठवडे फुकट मिळू शकतात. नव्या ठिकाणी विचारा: माझा कधी सुरू होतो? कुठे पहिल्या दिवसापासून, कुठे पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून. पात्र झाल्यावर नुसती वाट बघायला लावण्याची कायद्याची कमाल मर्यादा 90 दिवस आहे.

मध्ये खिंडार पडत असेल तर कोब्रा नावाची सोय आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीतून बाहेर पडलात, अगदी स्वतः राजीनामा दिलात तरी, जुनाच प्लॅन स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवता येतो. महाग पडतो, कारण कंपनी भरत होती तो वाटाही आपल्यालाच भरायचा, वर 2 टक्के. पण त्यात दोन गमती आहेत. एक, निर्णयासाठी निदान 60 दिवस मिळतात आणि घेतलात तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे मधल्या महिन्यात काही झालं नाही तर घ्यायचा नाही, झालं तर घ्यायचा. मात्र हप्ते पहिल्या दिवसापासूनचे भरावे लागतात. दुसरी गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते: घरातला प्रत्येक जण कोब्रा वेगळा घेऊ शकतो. सगळ्या कुटुंबाचा हप्ता परवडत नसेल तर एकट्या मुलासाठी घ्या.

नव्या कंपनीत नाव नोंदवायला साधारण 30 दिवस असतात. त्या ऑनलाइन फॉर्मवर मुलाच्या नावापुढे वेगळी खूण करावी लागते. आमच्या ओळखीच्या एकांनी स्वतःचं नोंदवलं, बायकोचं नोंदवलं आणि मुलीच्या चौकटीत टिक करायची राहिली. हसू नका, रात्री अकरा वाजता असल्या फॉर्मवर कोणाचंही असं होतं.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली तर डिडक्टिबल, म्हणजे प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, बहुधा पुन्हा शून्यापासून सुरू होतं. जुन्या प्लॅनमध्ये ते भरून झालं असेल आणि मुलाचा एमआरआय किंवा एखादी महागडी तपासणी होऊ घातली असेल, तर ती जुनं कार्ड जिवंत असतानाच उरकून घ्या.

जुनं कार्ड मरायच्या आत

औषधं भरून घ्या. शक्य असेल तर 90 दिवसांची. नव्या प्लॅनची औषधांची यादी वेगळी असते. जे औषध काल दहा डॉलरला मिळत होतं त्याला उद्या आगाऊ परवानगी, म्हणजे प्रायर ऑथरायझेशन लागू शकतं. 1 जानेवारी 2024 पासून फ्लोव्हेंट हा दम्याचा ब्रँडेड पंप बाजारातून गेला, तेव्हा कितीतरी मुलांचे पंप अशा याद्यांच्या घोळामुळे अडकले होते. फिट्सच्या किंवा दम्याच्या औषधात चार दिवसांचाही खंड चालत नाही. एपिनेफ्रिनचा एक जोड घरी आणि एक शाळेत लागतो, तर दोन्ही पाकिटांवरच्या एक्स्पायरीच्या तारखा आत्ताच बघा.

मग कागद. जुन्या डॉक्टरांच्या पोर्टलवरून शेवटच्या दोन-तीन भेटींच्या नोंदी, रक्ताचे आणि इतर रिपोर्ट आकड्यांसकट, लसींची यादी, चालू औषधं, मंजूर झालेल्या परवानग्यांची पत्रं आणि शाळेसाठी सही करून दिलेला ॲक्शन प्लॅन (त्रास झाला तर काय करायचं याचा कागद), एवढं सगळं पीडीएफ करून ठेवा. पोर्टलवर नसेल ते लेखी मागा. 30 दिवसांच्या आत द्यावं लागतं. 'नवीन डॉक्टर मागवतील की' यावर विसंबू नका. मागवतात, पण अपॉइंटमेंटच्या दिवशी फॅक्स आलेला नसतो. फॅक्स, हो. या देशातली डॉक्टर मंडळी अजूनही फॅक्सवर चालतात, आणि हे माझ्या सासऱ्यांना मी आजवर पटवू शकलेले नाही.

नवं कार्ड वाचा, अगदी बारीक अक्षरांसकट

कंपनीच्या लोगोवर जाऊ नका. आपल्याला हवंय ते नेटवर्कचं नाव, आणि ते बहुतेक वेळा कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात असतं. एकाच कंपनीची अनेक नेटवर्कं असतात, काही ऐसपैस तर काही अगदी चिंचोळी. माझी फसगत इथेच झाली होती.

मग प्लॅनचा प्रकार. एचएमओ असेल तर मुलाचा एक मुख्य डॉक्टर ठरलेला हवा आणि स्पेशालिस्टकडे जायला सहसा त्याचं रेफरल, म्हणजे पाठवणीची चिठ्ठी. ईपीओत रेफरल बहुधा लागत नाही, पण नेटवर्कबाहेर गेलात तर इमर्जन्सी सोडून पैसे मिळत नाहीत. पीपीओत बाहेरही जाता येतं, जास्त पैसे मोजून. पीओएस हे यांचं मिश्रण.

मुख्य डॉक्टर निवडावा लागणाऱ्या प्लॅनमध्ये मुलासाठी बालरोगतज्ज्ञ निवडायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तुम्ही निवडला नाहीत तर प्लॅन आपल्या मनाने कोणालातरी चिकटवून टाकतो. कार्डावर अनोळखी नाव छापून आलं तर लगेच फोन करून बदला, आणि विचारा की बदल आजपासून लागू की पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून. मधल्या दिवसांत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी रेफरल दिलं तर ते परत येऊ शकतं, कारण कागदोपत्री मूल अजून त्या अनोळखी डॉक्टरचं पेशंट असतं.

घरात दोन कार्डं असतील तर

आईबाप दोघेही नोकरी करतात आणि दोघांच्याही प्लॅनवर मूल आहे, असं असेल तर पहिलं बिल कोणत्या प्लॅनला जाईल हे आपण ठरवत नाही. त्याला बर्थडे रूल म्हणतात. ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन पहिला. वय बघत नाहीत, फक्त महिना आणि दिवस. माझा वाढदिवस फेब्रुवारीतला, नवऱ्याचा ऑगस्टमधला. मुलगा आमच्या दोघांच्याही प्लॅनवर असता, तर नवऱ्याचा प्लॅन कितीही चांगला असला तरी मुलाचं पहिलं बिल माझ्या प्लॅनला गेलं असतं. डॉक्टर शोधताना पहिल्या प्लॅनचं नेटवर्क बघायचं. घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाचा आदेश आधी बघतात. प्लॅनकडून 'दुसरा इन्शुरन्स आहे का' असं विचारणारं कंटाळवाणं पत्र येतं. ते जाहिरात समजून टाकून देऊ नका, उत्तर जाईपर्यंत क्लेम अडकून राहतात.

आता शोध, आणि तो बालरोगतज्ज्ञांपासून

गूगलवर तारे मोजत बसण्याआधी मुलाच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते नव्या नेटवर्कमध्ये आहेत ना, हे आधी विचारून घ्या. त्यांच्या ऑफिसात रेफरलचं काम बघणारी एक व्यक्ती असते. डॉक्टरांइतकीच ती महत्त्वाची. कोणता स्पेशालिस्ट कोणता प्लॅन घेतो, कोणाकडे तीन आठवड्यांत नंबर लागतो आणि कोणाकडे पाच महिन्यांनी, हे तिच्या तोंडावर असतं. आमच्या वेळी तिने यादीतली तीन नावं वाचून लगेच सांगितलं, "इथे वेळ घालवू नका."

रेफरल मिळालं की त्यावर तीन गोष्टी बघा: कोणत्या डॉक्टरच्या नावे आहे, किती भेटींसाठी आहे आणि कधी संपतं. शिवाय बालरोगतज्ज्ञांनी स्वतः स्पेशालिस्टला फोन केला तर नंबर पुढे सरकू शकतो. दुखणं खरोखर घाईचं असेल तर तसं करायची विनंती करायला संकोचू नका.

दोन फोन, आणि या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट

प्लॅनच्या वेबसाइटवर डॉक्टरांची यादी असते. माझ्या यादीत वीस मैलांच्या आत मुलांच्या ॲलर्जीसाठी अकरा नावं निघाली. डायनिंग टेबलावर वही घेऊन बसले आणि एकेक फोन लावला. दोन डॉक्टर त्या पत्त्यावर नव्हतेच. एक निवृत्त. तीन ठिकाणी नवे पेशंट बंद. एक फक्त मोठ्यांना बघणारे. दोन ठिकाणी तीन दिवस कोणी फोन उचलला नाही. उरले दोन.

यादी अशी शिळी असू नये म्हणून कायदा आहे. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नो सर्प्राइझेस कायद्याने प्लॅनला दर 90 दिवसांनी यादी पडताळावी लागते. 'अमुक डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का' असं फोनवर विचारलं तर कामकाजाच्या एका दिवसात उत्तर द्यावं लागतं. आणि यादीवर विश्वासून गेलात, ती चुकीची निघाली, तर आपल्याकडून नेटवर्कमधल्या दरापेक्षा जास्त वाटा घेता येत नाही. म्हणून यादीत नाव दिसलं की त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा. दहा सेकंदांचं काम आहे.

पण वाद घालायची वेळच येऊ नये म्हणून दोन फोन करायचे.

पहिला डॉक्टरच्या ऑफिसला. आपण सगळे विचारतो, "डू यू टेक माय इन्शुरन्स?" आणि पलीकडून उत्तर येतं, "येस." या 'येस'चा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की तुमच्या कंपनीला बिल पाठवायला आमची हरकत नाही. नेटवर्कबाहेरचा डॉक्टरही बिल पाठवू शकतोच की. म्हणून प्रश्न बदला. कार्डावरचं नेटवर्कचं पूर्ण नाव वाचून दाखवा आणि विचारा की हे डॉक्टर, या पत्त्यावर, या नेटवर्कमध्ये इन-नेटवर्क आहेत का, आणि सहा वर्षांचा नवा पेशंट घेतात का. मग दोन आकडे मागून घ्या: डॉक्टरचा दहा आकडी एनपीआय नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, आणि ज्या नावे बिल जातं त्याचा नऊ आकडी टॅक्स आयडी. पहिल्यांदा मागताना मला चोरट्यासारखं वाटलं होतं. बिलिंगवाल्यांना त्यात काही नवल नसतं.

दुसरा फोन कार्डाच्या मागच्या नंबरावर. तिथे डॉक्टरचं नाव सांगून भागत नाही. एनपीआय, टॅक्स आयडी आणि पत्ता, तिन्ही सांगा. कारण असं की एकच डॉक्टर सोमवारी स्वतःच्या दवाखान्यात आणि गुरुवारी हॉस्पिटलच्या क्लिनिकमध्ये बसतो. दोन ठिकाणचे टॅक्स आयडी वेगळे, म्हणून एका ठिकाणी तो नेटवर्कमध्ये आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर असू शकतो. माणूस तोच, स्टेथोस्कोप तोच, बिल निराळं. त्याच फोनवर विचारून घ्या: रेफरल लागतं का, स्पेशालिस्टचा कोपे (दर भेटीला आपण द्यायची ठरलेली रक्कम) किती, ठरलेल्या तपासणीला आगाऊ परवानगी लागते का. फोन ठेवण्याआधी कॉलचा रेफरन्स नंबर मागा. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि तो नंबर वहीत लिहा.

हॉस्पिटलच्या मालकीचं क्लिनिक असेल तर डॉक्टरच्या फीशिवाय फॅसिलिटी फी, म्हणजे हॉस्पिटलच्या जागेचे पैसे, वेगळी लागते का, तेही विचारा. आणि रक्त कुठल्या लॅबला जाणार? क्वेस्ट आणि लॅबकॉर्प या इथल्या दोन मोठ्या लॅब; तुमच्या प्लॅनला कुठली चालते ते माहीत नसेल तर नर्स सवयीने कुठलीही चिठ्ठी लिहून देते.

तो डॉक्टर मुलांचाच आहे का

इथे बालरोगतज्ज्ञ व्हायला एमडीनंतर (इथली एमडी म्हणजे आपल्याकडच्या एमबीबीएससारखी पहिली पदवी) तीन वर्षं लागतात. त्यापुढे मुलांच्या पोटविकारांचे, किडनीचे किंवा हार्मोन्सचे तज्ज्ञ आणखी तीन वर्षं शिकतात. ॲलर्जीवाल्यांचं थोडं वेगळं: तिथे बालरोग किंवा मोठ्यांचं मेडिसिन, कुठूनही येता येतं, पुढची दोन वर्षं सारखी. म्हणून ॲलर्जिस्ट निवडताना मी दोन गोष्टी विचारल्या: तुमचं मूळ शिक्षण बालरोगातलं का, आणि दवाखान्यात देखरेखीखाली पदार्थ खायला देऊन बघण्याची चाचणी, म्हणजे फूड चॅलेंज, तुम्ही मुलांसाठी नेमाने करता का. डॉक्टरचं बोर्ड सर्टिफिकेशन अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्सच्या साइटवर फुकट बघता येतं. ॲलर्जीसाठी अमेरिकन बोर्ड ऑफ ॲलर्जी अँड इम्युनॉलॉजी.

व्हॉट्सॲपवर नाव विचारलंत की अर्ध्या तासात दहा उत्तरं येतात, त्यातली चार "खूप छान आहेत, आपलेच आहेत" अशी. आपलेपणा मलाही आवडतो. पण आधी दोन फोन.

एक मात्र आवर्जून सांगते. आजी मुलाला घेऊन जाणार असतील आणि इंग्रजीत अडखळत असतील तर क्लिनिकला आधीच कळवून मराठी दुभाषा मागा. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या दवाखान्यांना तो फुकट द्यावा लागतो. फोनवरचा आवाज मराठीत "बाळाला कधीपासून त्रास होतोय?" विचारतो तेव्हा आजींचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाली तर

घ्या. नाही म्हणू नका. तारीख हातात ठेवून मग लवकरची मिळवायच्या मागे लागा. रद्द झालेल्या जागांच्या यादीत नाव घालायला सांगा आणि तरीही आठवड्यातून एकदा सकाळी उघडताच फोन करा. आम्हाला जागा मिळाली ती अशाच एका मंगळवारी, आठ वाजून दहा मिनिटांनी, 'आज साडेअकराला येता का' म्हणून. त्याच टीममधल्या नर्स प्रॅक्टिशनरची, म्हणजे तपासून औषध लिहून देऊ शकणाऱ्या नर्सची, वेळ लवकर मिळत असेल तर पहिल्या भेटीला चालते. मोठ्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या उपनगरी शाखाही बघा, तिथे गर्दी कमी असू शकते. व्हिडिओ भेट हवी असेल तर डॉक्टरकडे सहसा आपल्या राज्याचं लायसन्स लागतं.

तोवर इमर्जन्सी आली तर नेटवर्क विसरा. ॲलर्जीची जोरदार रिॲक्शन म्हणजे एपिनेफ्रिन आणि 911. इमर्जन्सी रूम कुठलीही असो, कायद्याने आपला वाटा नेटवर्कमधल्याएवढाच. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्या केंद्रीय कायद्यातून सुटली आहे, तिचं बिल वेगळं येऊ शकतं.

नेटवर्कमध्ये कोणीच नसेल, किंवा जुनाच डॉक्टर हवा असेल तर

उपचार अर्धवट असताना प्लॅन बदलला असेल तर नव्या प्लॅनकडे 'ट्रान्झिशन ऑफ केअर' फॉर्म मागा. मंजूर झाला तर ठरावीक काळ जुन्या डॉक्टरकडे नेटवर्कच्या दराने जाता येतं. अर्ज पहिल्या काही आठवड्यांतच करावा लागतो, म्हणून कार्ड आल्याबरोबर विचारा. यात एक गैरसमज नेहमी होतो. 90 दिवस जुना डॉक्टर चालू ठेवायचा जो केंद्रीय हक्क आहे तो डॉक्टरचा आपल्या प्लॅनशी करार तुटला तर. आपण नोकरी बदलून प्लॅन बदलला तर तो लागू होत नाही. तिथे नव्या प्लॅनचे नियम, आणि काही राज्यांत राज्याचा कायदा.

दुसरी वाट 'गॅप एक्सेप्शन'ची. नेटवर्कमध्ये वाजवी अंतरात मुलांचा तसा स्पेशालिस्टच नाही, असं दाखवून दिलं तर बाहेरच्या डॉक्टरला नेटवर्कच्या दराने परवानगी मागता येते. इथे माझी वही कामी आली असती: अकरा नावं, अकरा फोन, प्रत्येकापुढे तारीख आणि नकाराचं कारण. अशी यादी बालरोगतज्ज्ञांच्या पत्राबरोबर जोडा. परवानगी भेटीच्या आधी आणि लेखी हवी.

नकार आला तर अपील करा. अपिलाला 180 दिवस असतात. घाईच्या प्रकरणात 72 तासांत निर्णय द्यावा लागतो. तिथेही नाही म्हणाले तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ परीक्षणाची मागणी करता येते. कंपनीचा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का, म्हणजे क्लेमचे पैसे नोकरीची कंपनी स्वतःच भरते का, हे एचआरला विचारून ठेवा. मोठ्या कंपन्यांचे बहुधा असतात. त्यांना राज्याच्या विमा खात्याचे नियम सहसा लागू होत नाहीत, तक्रार केंद्रीय श्रम खात्याकडे, 1-866-444-3272 या नंबरावर.

भेटीचा दिवस, आणि नंतर

ॲलर्जीची त्वचा-चाचणी ठरली असेल तर सेटिरिझिनसारखी औषधं किती दिवस आधी बंद करायची ते विचारा, साधारण पाच ते सात दिवस. मी विचारलं होतं, पाळलंही होतं. आदल्या रात्री मुलाचं नाक वाहत होतं म्हणून आजीने मायेने एक चमचा सर्दीचं सिरप पाजलं, आणि त्या सिरपमध्ये तसंच औषध निघालं. चाचणी दहा दिवस पुढे गेली. तेव्हापासून औषधांच्या कपाटावर मराठीत चिठ्ठी लावलेली आहे.

दुसऱ्या खेपेला जमलं. नर्सने पाठीवर पेनाने ठिपके काढले, प्रत्येकाशेजारी एक टोचणी, आणि पंधरा मिनिटं खाजवायचं नाही. त्या पंधरा मिनिटांत मी मारुतीच्या जेवढ्या गोष्टी येत होत्या तेवढ्या सांगितल्या.

तीन आठवड्यांनी प्लॅनकडून कागद येतो, ज्यावर 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं. तो फेकू नका. डॉक्टरचं बिल येईल तेव्हा त्याच्याशी ताडून बघा आणि दोन्ही जुळल्याशिवाय पैसे भरू नका. आमच्या पहिल्याच कागदावर भेट नेटवर्कबाहेरची दाखवली होती. मी फोन लावला, वहीतली तारीख, नाव आणि रेफरन्स नंबर वाचला. पलीकडच्या मुलीने तो जुना कॉल शोधला, क्लेम पुन्हा चालवायला पाठवला, आणि महिनाभराने दुरुस्त कागद आला: आपला वाटा, फक्त कोपे.

रेफरल सहा महिन्यांचं आहे. ते संपायच्या तीन आठवडे आधीच्या तारखेवर फ्रिजवरच्या कालनिर्णयात लाल गोल केलेला आहे, आणि शेजारी लिहिलंय: रेफरल मागणे, शाळेचं इंजेक्शन बदलणे.